योशी म्हणजे कागद

जपानला लोक चेरीची फुलं बघायला जातात. मी गेले ती माझ्या मुलीला कोणी फसवतंय का, ते बघायला.

आम्ही बहारीनला गुदैबियात राहतो. सुहास, माझा नवरा, एका कंत्राटी कंपनीत इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. मी मनामात विमा कंपनीत मोटारींचे क्लेम तपासते. सखीरच्या मोकळ्या रस्त्यावर भरधाव नेऊन ठोकलेली गाडी 'पार्किंगमध्ये उभी होती, कोणीतरी धडकून गेलं' असं माणूस डोळ्यांत पाणी आणून सांगतो, आणि मी त्याच्या डोळ्यांकडे न बघता बंपरवरचे ओरखडे बघते. या कामानं एक सवय लागते. समोरचा जितका गोड बोलेल, तितकी मी खुर्चीत ताठ होते.

केतकी आमची एकुलती एक मुलगी. जन्म आणि शाळा बहारीनची, मग पुण्याला डिझाइनचं शिक्षण, मग परत येऊन मनामात एका जाहिरात एजन्सीत नोकरी. गेल्या वर्षी सुट्टी काढून जपानला हातकागद करायला शिकते म्हणून गेली. काही आठवड्यांचा वर्ग होता. तो संपल्यावर फोन आला, नोकरी सोडली. मग आणखी एक फोन, व्हिसा वाढवला. मग कळलं की ती डोंगरातल्या एका गावात, निशिमुरा नावाच्या म्हाताऱ्या नवराबायकोच्या घरी राहायला गेली आहे. "दे आर लाइक फॅमिली, आई." राहायचं, जेवायचं, शिकवण्याचं, ते कशाचंच काही घेत नाहीत म्हणे.

"मग त्यांना हवंय काय?" मी विचारलं.

"आई, एव्हरीथिंग इज नॉट अ क्लेम."

केतकी अशीच बोलते. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. पुढे तिचं बोलणं मी मराठीतच लिहिते आहे, नाहीतर वाचणाऱ्याला त्रास.

त्या फोननंतर मी रोज सुहासचं डोकं खायला लागले. व्हिडिओ कॉलवर तिच्या मागे नेहमी एकच भिंत का? म्हातारी कधी समोर का येत नाही? शेवटी तोच म्हणाला, "अगं, इथं बसून तपास करण्यापेक्षा जाऊन बघून ये. मला शटडाऊनच्या कामात लीव्ह मिळायची नाही, तू जा." थंडीचे कपडे म्हणजे घरात एकच शाल होती, झल्लाकच्या रिसॉर्टमधला एसी सोसत नाही म्हणून घेतलेली. बाकीचे शेजाऱ्यांकडून गोळा केले आणि फेब्रुवारीत निघाले.

डोंगराकडे

विमानं आणि आगगाड्या यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सगळं इतकं वेळेवर होतं की मला त्याचाही संशय यायला लागला.

तोयामा शहरापासून बस डोंगरात शिरली. बोगदा लागायच्या आधी रस्त्याकडेला गुडघाभर बर्फ असायचं, बोगद्यातून बाहेर पडलं की बसच्या खिडकीपर्यंत. असे किती बोगदे झाले कोण जाणे. बहारीनमध्ये चढ म्हणजे फ्लायओव्हर. इथे बस वळणं घेत वर जात होती आणि ड्रायव्हर पांढरे हातमोजे घालून शांत बसला होता.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

थांब्यावर केतकी उभी होती. कुणाचं तरी जुनं गोधडीसारखं जाकीट, रबरी बूट, आणि हात लालभडक, बोटांच्या पेरांवर भेगा पडलेल्या. तिनं मिठी मारली तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की हे लोक हिला राबवतायत. तिच्या मागे एक बुटका म्हातारा गळ्यात टॉवेल टाकून उभा होता. हे तोकुजी निशिमुरा. ते वाकले. मी नमस्कार केला. ते पुन्हा वाकले. मी पुन्हा नमस्कार केला. हे किती वेळ चालायचं ते ठरेना, तेवढ्यात त्यांनी माझी बॅग उचलली आणि चालू पडले.

वाटेत फावड्यानं बर्फ ओढणारी एक बाई काम थांबवून माझ्याकडे बघून हसली आणि वाकून म्हणाली, "ओमेदेतो गोझाइमास."

"काय म्हणाली?"

"वेलकम म्हणाली."

पुढच्या वळणावर आणखी एक आजोबा तेच म्हणाले. मग दुकानातली बाई. गावाबाहेरून आलेल्या प्रत्येकाला हे लोक अडवून अडवून वेलकम म्हणतात, हे मला पटेना. मी फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपला तो शब्द ऐकवला. अ‍ॅप म्हणालं, 'अभिनंदन.'

"अभिनंदन कशाचं?"

केतकी म्हणाली, "एवढ्या बर्फातून बसनं आलीस त्याचं." आणि पुढे निघून गेली.

गाव बघितल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे खरं नव्हे. घरं म्हणजे नुसती छपरं. गवतानं शाकारलेली, हातभर जाडीची, इतकी उभी की दोन हात जोडून नमस्कार केल्यासारखी. जपानी लोकही त्यांना जोडलेल्या हातांच्याच नावानं ओळखतात. बर्फ त्यावर टिकत नाही, घसरून धाडकन खाली येतं. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मी केतकीचा दंड धरला. पर्यटकांची एक टोळी छत्र्या घेऊन फोटो काढत होती. मला आमच्याकडचे हेरिटेजचे मेळावे आठवले. तंबूत खजुरीच्या पातीच्या टोपल्या विणणारे म्हातारे बसवलेले असतात, लोक फोटो काढतात, आणि संध्याकाळी ते म्हातारे पिकअप काढून घरी जातात. इथंही तसलंच असणार, म्हटलं.

आणि होतंच थोडंसं. निशिमुरांचं शाकारलेलं घर होतं, पण त्यात कोणी राहत नव्हतं. माळ्यावर कागदाच्या झाडाच्या सालींच्या जुड्या, खाली अवजारं. माणसं राहत होती शेजारच्या साध्या पत्र्याच्या घरात. "त्या घरात थंडी फार वाजते," केतकी म्हणाली. मला बरं वाटलं. निदान हे लोक स्वतःला तरी फसवत नव्हते.

फुमिको आजी दारातच गुडघ्यांवर बसून होती. तिनं कपाळ जमिनीला टेकवलं आणि बोलायला लागली. खूप वेळ बोलली. मध्ये एकदा तिचा आवाज दाटला. मी केतकीकडे बघितलं.

"म्हणते, या, आत या."

"एवढं सगळं बोलली त्याचं 'आत या'?"

"आई, आदरानं बोललं की जपानी लांबच होतं."

मी मनात फाईल उघडली.

जेवणात लाल भात होता. चिकट तांदूळ, त्यात लाल चवळीसारखे दिसणारे बारीक दाणे, वर काळे तीळ आणि मीठ. शिवाय कोळशावर भाजलेला नदीचा मासा, शेपटीपासून डोक्यापर्यंत मीठ चोळलेला, आणि तिथलं टोफू, इतकं घट्ट की दोरीनं बांधून नेता येईल. सुक्या माशाच्या रश्श्याचा वास आला आणि मी चिपळूणची असल्याचं पहिल्यांदाच सार्थक झालं. मुंबईचा एखादा शाकाहारी इथे उपाशी मेला असता. "हा भात रोज करतात?" मी विचारलं. "बऱ्याचदा," केतकी ताटातून डोकं वर न काढता म्हणाली.

मी घरून बेसनाचे लाडू नेले होते. आजीनं डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं आणि उठून आतल्या खोलीत गेली. आमच्यासमोर एकही लाडू खाल्ला नाही. टाकून दिले, मी मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीचं दार उघडं होतं. काळ्या-सोनेरी देव्हाऱ्यात पितरांच्या पाट्यांपुढे वाटीत लाडू रचून ठेवले होते, शेजारी उदबत्ती. दुपारी तिथून उचलून तिनं ते सगळ्यांना वाटले. आमच्याकडेही वेगळं काय करतात?

माझ्या हातूनही एक घोटाळा झाला. पाहुणा म्हणून गरम पाण्याच्या खोल टबात आधी मला पाठवलं. मी अंघोळ करून, शहाण्यासारखं, बूच काढून टब रिकामा केला. त्याच पाण्यात मागाहून घरातले सगळे बसणार होते हे मला कोण सांगणार? बाहेर आले तर तोकुजी टॉवेल घेऊन उभे. पाण्याचा गडगड आवाज ऐकून ते नुसते "आ" म्हणाले आणि परत गेले. त्या दिवशी घरात कोणी अंघोळ केली नाही, आणि कोणी एक शब्द बोललं नाही. माझा बाप असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. इतकी सोशिक माणसं काहीतरी हवं असल्याशिवाय गप्प बसत नाहीत, असं माझं तेव्हाचं मत झालं.

बर्फावरची साल

कागदाचं काम मी दोन पावलं मागे उभं राहून बघितलं.

तुतीच्या जातीचं एक झाड असतं. त्याच्या फांद्यांची साल काढून, आतला पांढरा पदर तेवढा ठेवून, तो शेतातल्या बर्फावर पसरतात. ऊन आणि बर्फ मिळून त्याला आणखी पांढरं करतात. लांबून पाहिलं तर कोणी शेतभर शेवया वाळत घातल्यासारखं दिसतं. मग ती साल शिजवायची, थंड पाण्यात बसून तिच्यातला एकेक काळा ठिपका बोटांनी वेचायचा, कुटायची, आणि पाण्यात कालवून बांबूच्या चटईच्या लाकडी चौकटीवर झेलायची. चौकट पुढे-मागे हलते, पाणी खाली गळतं, आणि चटईवर सायीसारखा पातळ थर राहतो.

केतकी ती चौकट हलवत होती. मी तिला आजवर लॅपटॉपसमोर कुबड काढून बसलेली बघितली होती. इथे ती पाय फाकवून ठाम उभी होती आणि कमरेपासून हलत होती. फुमिको आजी बाजूला उभी राहून नुसती कान देऊन पाण्याचा आवाज ऐकायची. आवाज बिघडला की "ए" म्हणायची, आणि केतकी तो थर परत पाण्यात सोडून द्यायची. एकदा नाही, सारखं. मुलगी वैतागत नव्हती, हे मला जास्त चमत्कारिक वाटलं. पोळी वाकडी झाली तर लाटणं फेकणारी मुलगी ही.

त्या चौकटीला तिथे 'केता' म्हणतात आणि लाकडाला 'की'. तोकुजींनी हे मला हातवारे करून, केतकीला मध्ये घालून समजावलं. केता-की! हिच्या नावातच आमचं काम आहे, असं म्हणून ते छाती भरून हसले. मी हसले नाही. नावं जुळवून माणसाला भुलवणारे ज्योतिषी मी पुष्कळ पाहिलेत.

आणि एक शब्द मला खटकत होता. योशी. म्हातारा-म्हातारी आपसात बोलताना तो यायचा. शेजारी आले की यायचा. माझ्याकडे बघून यायचा. आणि तो आला की केतकी काहीतरी आणायला उठायची.

"योशी म्हणजे काय गं?"

"कागद," ती म्हणाली. "मशीनचा कागद. हाताच्या कागदाला वाशी, मशीनच्याला योशी."

कागद करणाऱ्यांच्या घरात कागदाचं बोलणं, यात वावगं काय? पण क्लेममध्ये मी एक करते, तोच प्रश्न दुसऱ्या वेळी दुसऱ्या शब्दांत विचारते. जेवताना मी सहज म्हटलं, "हे लोक मशीनचा कागद वापरतात का?" केतकी म्हणाली, "छे, घरात आणूही देत नाहीत." मग जो कागद घरात येत नाही, त्याच्याबद्दल येताजाता कुजबुज कशाला? अ‍ॅपला आजीचं बोलणं ऐकवून बघितलं. तिची गावठी बोली त्याला झेपेना. ते म्हणालं, 'मीठ लावलेला डोंगर आपला आभारी आहे.' मी फोन खिशात टाकला.

हारुएचं दुकान

गावात चहाचं एक छोटं दुकान आहे. ते चालवणारी हारुए पन्नाशीची, नवऱ्याच्या नोकरीपायी बरीच वर्षं सिंगापूरला राहून परत आलेली, त्यामुळे इंग्रजी येणारी. केतकी कामात असताना मी एकटी तिथे गेले. तिनं गरम चहा आणि मोहरीच्या पाल्याचं लोणचं पुढे ठेवलं.

थोडा वेळ हवापाणी बोलून मी विचारलं, "योशी म्हणजे मशीनचा कागद ना?"

"हो," हारुए म्हणाली. मग हसली. "पण सध्या गावात दुसऱ्याच योशीची चर्चा आहे. उच्चार तोच. दत्तक मूल."

मी कप खाली ठेवला.

तिला वाटलं मला शब्द कळला नाही. ती समजावून सांगायला लागली. निशिमुरांना मूलबाळ नाही. आमच्याकडे मोठ्या वयाच्या माणसालाही दत्तक घेतात, घर आणि काम पुढे चालावं म्हणून. केताकी-सान निशिमुरा होणार म्हणून सगळ्यांना इतका आनंद झालाय. या गावात कोणी राहायला येत नाही, सगळे जातातच. "आणि तुम्ही एवढ्या लांबून स्वतः संमती द्यायला आलात! उद्या दुपारी सभागृहात गाणं-बजावणं आहे ते तुमच्यासाठीच. लाल भात केला असेल ना फुमिको-साननं? मंगल कामालाच करतात तो."

मी चहाचे पैसे ठेवून उठले. बाहेर आले. थंडीनं नाक दुखत होतं आणि अंग तापलं होतं. माझा संशय खरा निघाला होता, पण चोर पकडल्याचा आनंद झाला नाही. म्हातारा-म्हातारीनं आमची पोरगी गोड बोलून फितवली, वर आईबापांची संमती आहे म्हणून गावभर उठवलं! मी तरातरा शेतात गेले. केतकी एकटीच बर्फावरची साल उलटी करत होती.

"त्यांनी खोटं सांगितलंय सगळ्यांना," मी म्हटलं. "मी हो म्हटलंय म्हणून. दत्तक! तुला माहीत आहे हे?"

ती उभी राहिली. तिच्या हातात सालीची ओली जुडी होती.

"त्यांनी नाही सांगितलं. मी सांगितलं."

"काय?"

"नवीन वर्षाला त्यांनी विचारलं. म्हणाले, आधी आईवडिलांना विचार, त्यांचं मन नसेल तर हा विषय खलास. मी म्हटलं, विचारलं, त्यांची हरकत नाही. मग तू येते म्हणालीस. त्यांना वाटलं, रीतीनं मुलगी द्यायला येतेस."

इतके दिवस मी दोन परक्या माणसांच्या चेहऱ्यांवर ओरखडे शोधत होते.

"का?" मी विचारलं.

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "बाबांची नोकरी संपली की त्या दिवशी माझं बहारीन संपलं. जन्म तिथला, पण सीपीआरच्या ओळखपत्रापुरतीच मी तिथली. पुण्यात मी गल्फवाली. तुम्ही पुण्यात फ्लॅट घेताय, तो कुठे घ्यायचा ते मला कधी विचारलंत? इथं राहशील का, असं मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, आई. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी पुन्हा विचारलं नसतं."

"आम्ही विचारलं नाही म्हणून आमची संमती तू परस्पर देऊन टाकलीस?"

तिनं हातातली जुडी बर्फावर ठेवली.

मी म्हटलं, "चल. त्यांना सांगायचं."

"मला नाही सांगता येणार."

"तुला सांगायचंच नाहीये. तू बोललीस तर मला खरं वाटायचं नाही." आणि मी हारुएला बोलावून आणलं.

कोटात्सूभोवती

कोटात्सू म्हणजे गोधडी घातलेलं बुटकं टेबल, आत शेगडी. सगळे त्यात पाय घालून बसतात. आम्ही पाचही जण त्यात पाय घालून बसलो. कोणाशी कितीही बिनसलेलं असो, पाय एकाच उबेत. मी इंग्रजीत सांगितलं. केतकीनं आम्हाला काही विचारलं नव्हतं, मी संमती दिलेली नाही, आणि मला मुलगी द्यायची नाही. हारुएचा चेहरा उतरत गेला, पण तिनं ते सगळं जपानीत सांगितलं असावं, कारण तोकुजींनी टेबलाखालून पाय काढले, मागे सरकले आणि कपाळ चटईला टेकवलं. ते वर करेनातच. सत्तरी उलटलेला माणूस माझी माफी मागत होता आणि गुन्हा माझ्या पोरीचा होता. मी "नको, नको" म्हणत राहिले. हे मराठीत म्हणतेय हेसुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही.

फुमिको आजीनं केतकीकडे बघून एकच प्रश्न विचारला. केतकी म्हणाली, "हाय." म्हणजे हो. आजी उठली, कामाच्या शेडमध्ये गेली आणि दार ओढून घेतलं.

मग तोकुजी उठून बसले आणि बोलले. हारुए म्हणाली, "फुमिको-सानचं मन मला ठाऊक आहे, असं ते म्हणतात. जी मुलगी स्वतःच्या आईच्या नावानं खोटं बोलते, तिला ती घरात ठेवणार नाही. तुम्ही तिला घेऊन जा."

मी यासाठीच तर आले होते. ज्यांच्यावर संशय घेतला, त्यांनीच माझ्या बाजूनं निकाल दिला होता. केतकीनं रडत रडत कपडे बॅगेत भरले. मी पलीकडे बसून तिला घड्या घालताना बघत होते. हिला नेऊन करणार काय, हा विचार काही केल्या जाईना. गुदैबियाच्या फ्लॅटमध्ये ती पुन्हा लॅपटॉपसमोर बसेल, आणि आम्ही कुठे राहायचं ते ठरवत राहू. तिनं खोटं बोलायला नको होतं. पण ज्यासाठी बोलली ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाय फाकवून उभी राहिलेली ती मुलगी मला ओळखीची नव्हती, आणि मला ती आवडली होती.

सकाळी मी एकटीच शेडमध्ये गेले. आजी थंड पाण्याच्या टाकीशी बसून सालीतले ठिपके वेचत होती. तिनं मान वर केली नाही. मी शेजारच्या स्टुलावर बसले आणि पाण्यात हात घातला. गार म्हणजे काय, बोटं तुटल्यासारखी झाली. तरी एक ठिपका वेचला. मग दुसरा. आजीनं कडेनं बघितलं. माझं वेचणं तिला पसंत नव्हतं हे उघड होतं, कारण मी टाकलेली साल ती पुन्हा उचलून तपासत होती. तपासू दे, म्हटलं, मी तरी दुसरं काय करते? थोड्या वेळानं तिनं स्वतःजवळचं गरम पाण्याचं भांडं पायानं माझ्याकडे सरकवलं, हात शेकायला.

तेवढ्यात हारुए केतकीला घेऊन आली, बसची वेळ सांगायला. मी पाण्यातून हात न काढताच म्हटलं, "फुमिको-सानना विचार. दत्तक देणार नाही. पण मुलीला शिकवतील का? विद्यार्थिनी म्हणून."

आजीनं ऐकलं. हातातली साल वेचून संपवली. मग माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघून तिनं काहीतरी विचारलं.

हारुए म्हणाली, "त्या विचारतायत, हे तुम्ही मनापासून म्हणताय की पोरगी रडली म्हणून?"

ही बाई मोटारींचे क्लेम उत्तम तपासेल, असं माझ्या मनात आलं. म्हटलं, "ती रडली म्हणून. मनाचं अजून ठरलेलं नाही."

हारुएनं सांगितल्यावर आजी तोंडावर ओला हात धरून हसली. मग काहीतरी म्हणाली. "तुमच्या घरातलं एक तरी माणूस खरं बोलतं," असं म्हणाल्या म्हणे.

तिच्या अटी होत्या. केतकी त्यांच्या घरात राहणार नाही, हारुएच्या दुकानावरच्या खोलीत राहील आणि कामाला येईल. मला फोन आजी स्वतः करेल, हारुएला शेजारी बसवून. आणि दत्तकाचं नाव पुन्हा कोणी काढायचं नाही, दोन्हीकडच्यांनी. केतकी मान खाली घालून ऐकत होती. मग बॅग खाली ठेवून तिनं बाह्या वर सारल्या.

सभागृह

दुपारचं गाणं-बजावणं कोणी रद्द केलं नव्हतं. आता या लोकांना काय तोंड दाखवायचं, या धास्तीनं मी गेले. पोशाख वगैरे काही नाही. रबरी बूट दारात काढून, जाकिटं घातलेली साधी माणसं रॉकेलच्या हीटरभोवती बसली होती. तोकुजी उभे राहून दोन वाक्यं बोलले. हारुए माझ्या कानात म्हणाली, "फक्त एवढंच म्हणाले की केताकी-सानची आई आली आहे, तिला आपलं गाणं ऐकवू या." त्यांना कळलं असावं. पण कोणी एकमेकांकडे बघितलं नाही, आणि बासरी सुरू झाली.

आखूड बांबूच्या टिपऱ्या होत्या, बोटांत फिरवून वाजवायच्या. एक म्हातारा कुदळीचं पातं दोरीला टांगून त्यावर ठोका देत होता. आणि लाकडी पट्ट्यांची एक लांब माळ, दोन मुठींत धरून कमानीसारखी उचलायची आणि मनगटाला झटका द्यायचा. लाट धावावी तसा खर्रकन आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. गाणं संथ होतं, शेतात वाकलेल्या माणसाच्या चालीचं. आमच्याकडे मुहर्रकला एकदा मोत्यांच्या बोटींवरची जुनी गाणी ऐकली होती. ती गाणारे म्हातारेही असेच, श्रोत्यांकडे न बघता, एकमेकांच्या श्वासाकडे लक्ष देऊन गात होते.

फुमिको आजीनं ती माळ माझ्या हातात दिली. मी झटका दिला. अर्ध्यातच लाट अडकली आणि पट्ट्या माझ्या दंडावर आदळल्या. सगळे हसले, मीसुद्धा. केतकी बायकांच्या रांगेत शेवटी उभी होती. नाचली, पण पावलं चुकत होती. शेजारची बाई तिला कोपरानं ढकलून दिशा दाखवत होती. योशी होणार नाही हे कळल्यावरही ढकलत होती.

निघताना हारुएनं मला गावाचं नाव कुठे लिहू नका म्हणून सांगितलं. बोलणी मोडल्याची गोष्ट आहे, निशिमुरांना अवघडल्यासारखं होईल. म्हणून लिहिलं नाही.

थांब्यावर फक्त केतकी आली. बस दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "आई, तुला अजून माझा संशय येतो?"

"येतो."

"किती दिवस येणार?"

"मला काय माहीत."

ती थोडी हसली. "मग परत ये ना. बघायला."

"येईन," मी म्हटलं. "न सांगता येईन."

बहारीनला येऊन आता काही महिने झाले. आजीचा फोन येतो. ती बोलते, हारुए सांगते, केतकी मागे कुठेतरी चौकट आपटत असते. सुहासनं पुण्याच्या फ्लॅटचं थांबवलंय. माझी ऑक्टोबरची लीव्ह मंजूर झाली आहे. केतकीला यातलं काही बोललेलो नाही. हे छापून आलं तरी काळजी नाही, तिला मराठी वाचता येत नाही.